वाचनालयाच्या सर्व्हरचं एसएसएल सर्टिफिकेट: प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

आषाढीची सुट्टी काल झाली. आज वाचनालयात गर्दी कमी होती, म्हणून कामाला हात घातला.

एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे वेबसाइटचं ओळखपत्र; ते असलं की ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद होतं. सध्याची स्थिती अशी. वाचनालयाच्या ऑफिसात एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चालतो. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), अपाचे (वेबसाइट पुरवणारा प्रोग्राम) आणि कोहा (वाचनालयाचं सॉफ्टवेअर). पुस्तकांची सूची, सभासदांची खाती, देवघेव, दंड, सगळं कोहात आहे. कोहाचे दोन दरवाजे आहेत: एक वाचकांसाठी, जिथे पुस्तक शोधता येतं आणि स्वतःच्या खात्यात शिरता येतं, दुसरा काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांसाठी. दोन्ही साध्या एचटीटीपीवर, म्हणजे उघड्यावर.

उघड्यावर म्हणजे काय हे ग्रंथपाल ताईंना दाखवायचं होतं. सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची रहदारी दाखवणारं साधन) लावला आणि वाचनालयाच्या वाय-फायवरून माझ्याच सभासद क्रमांकाने लॉग-इन केलं. स्क्रीनवर पाकिटांचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यांचा, पाऊस पडला आणि त्यात एका ओळीत माझा कार्ड क्रमांक, त्याला लागून पासवर्ड, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. त्याखालच्या पाकिटात मी घरी नेलेल्या पुस्तकांची यादी. ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे कुणी काय वाचतं हे कुणालाही कळू शकतं?" वाय-फायचा पासवर्ड वाचनकक्षाच्या भिंतीवर लावलेला आहे. थोडी खटपट करणाऱ्याला कळू शकतं.

माझ्या दृष्टीने हा प्रकल्प इथेच ठरला. एखादी बाई घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेते, एखादा मुलगा नैराश्यावरचं नेतो. ते त्यांच्यात आणि वाचनालयात राहायला हवं. रजिस्टरच्या काळात ते कपाटात बंद असायचं. संगणक आल्यावर ते जास्त उघडं पडावं हे मला पटत नाही.

८ जुलै

सर्टिफिकेट कुठून घ्यायचं याचा विचार.

स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट पाच मिनिटांत बनतं, आणि कार्यकारिणीतल्या एकांनी तेच सुचवलं. मी ठाम नकार दिला. ब्राउझर अशा सहीवर विश्वास ठेवत नाही, तो लाल पाटी दाखवणार, आपण वाचकांना सांगणार की "पुढे जा, काही होत नाही". मग तोच वाचक बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या पानावरही "काही होत नाही" म्हणून पुढे जाणार. वाचनालयाने लोकांना ही सवय लावू नये.

विकतचं सर्टिफिकेट घ्यायला पैसा लागतोच, आणि वर्षाला एकदा हाताने बदलण्याचा खटाटोपही. हाताने बदलण्याचे दिवस तसेही भरत आले आहेत. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणारे यांच्या फोरमने या एप्रिलमध्ये ठराव केला. आज सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं असतं. १५ मार्च २०२६ पासून ते २०० दिवसांवर येईल, १५ मार्च २०२७ पासून १०० वर आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ वर. दीड महिन्यातून एकदा हे काम हाताने कोण करणार?

म्हणून लेट्स एन्क्रिप्ट. ना-नफा संस्था चालवते, २०१५ च्या डिसेंबरात सर्वांसाठी खुलं झालं, फुकट आहे, सर्टिफिकेट ९० दिवसांचं. अट एकच, नूतनीकरण यंत्राकडून करून घ्यायचं. आपल्याला तेच हवं आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवायची. मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून पूर्वी ई-मेल यायचा. तो ४ जून २०२५ पासून बंद झाला. जुन्या मार्गदर्शनात "ई-मेल येईलच" असं लिहिलेलं असतं, त्यावर भिस्त ठेवता येणार नाही. पहारा आपलाच.

१० जुलै

डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मालकी सिद्ध करायची नेहमीची रीत अशी: लेट्स एन्क्रिप्ट एक सांकेतिक मजकूर देतं, तो आपण आपल्या वेबसाइटवर ठरलेल्या जागी ठेवतो, आणि ते पोर्ट ८० वरून, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दारातून, येऊन वाचून जातात. त्यासाठी बाहेरून आपल्यापर्यंत पोचता आलं पाहिजे.

राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) पाहिला. १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वाटपासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे आपण सीजीनॅटच्या आड आहोत, एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक. राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचा माणूस आत येणार नाही. लहान गावांतल्या ब्रॉडबँडवर हे सर्रास आढळतं. घरी सर्व्हर थाटणाऱ्याने सगळ्यात आधी हेच तपासावं, नाहीतर अपाचेच्या फाइलींत दोष शोधण्यात वेळ जातो.

सेवा देणाऱ्या कंपनीकडे स्थिर आयपीसाठी, म्हणजे स्वतंत्र सार्वजनिक पत्त्यासाठी, अर्ज दिला. त्याला जादा पैसे पडतात, त्यामुळे कार्यकारिणीची मंजुरी लागेल. तोवर थांबायची गरज नाही. दुसरी रीत डीएनएसची, म्हणजे डोमेनचं नाव कोणत्या पत्त्याचं हे सांगणाऱ्या व्यवस्थेची, आहे: सांकेतिक मजकूर वेबसाइटवर न ठेवता डोमेनच्या टीएक्सटी नोंदीत (तिथल्या साध्या मजकुराच्या ओळीत) ठेवायचा. सर्व्हर बाहेरून दिसला नाही तरी चालतं. शिवाय वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (डोमेनखालच्या सगळ्या उपनावांसाठी एकच) फक्त याच रीतीने मिळतं.

१२ जुलै

डोमेन जिथून घेतलं आहे तिथे डीएनएसची नोंद हातानेच करावी लागते, यंत्राला दार नाही. दर दोन महिन्यांनी कुणीतरी हाताने टीएक्सटी नोंद बदलायची म्हणजे सगळा बेतच फसला. म्हणून नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी सांभाळणारे सर्व्हर, क्लाउडफ्लेअर या कंपनीकडे हलवले. फक्त डीएनएस त्यांच्याकडे आहे. वाचकांची रहदारी त्यांच्यामधून जात नाही, तो पर्याय मुद्दाम बंद ठेवला.

तिथे एपीआय टोकन, म्हणजे प्रोग्रामने वापरायची किल्ली, बनवलं. त्याला एकाच डोमेनच्या डीएनएस नोंदी बदलण्याचा हक्क, बाकी काही नाही. सगळ्या खात्यावर हक्क असलेली जुनी किल्लीही चालली असती, पण ती सर्व्हरवर ठेवणं धोक्याचं. टोकनची फाइल रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) मालकीची, परवानगी ६००, म्हणजे इतर कुणाला वाचता येत नाही.

सीएए नोंदही टाकली. या डोमेनचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टशिवाय इतर कुणी देऊ नये, एवढंच ती सांगते. सर्टिफिकेट देण्याआधी ही नोंद तपासणं सप्टेंबर २०१७ पासून सर्व संस्थांना सक्तीचं आहे. वाइल्डकार्डसाठी वेगळी ओळ असते, तीही भरली.

१३ जुलै, रविवार

वाचनालय बंद. निवांतपणे काम झालं.

आधी चाचणीच्या सर्व्हरवर, म्हणजे स्टेजिंगवर. खऱ्या सर्व्हरवर मर्यादा कडक आहेत: त्याच नावांचं तेच सर्टिफिकेट आठवड्यात पाचदाच मिळतं, आणि एका नावासाठी तासाला पाच वेळा पडताळणी फसली की थांबावं लागतं. स्टेजिंगवर मोकळीक असते. तिथे पहिल्या फेरीत पडताळणी अडकली. टीएक्सटी नोंद त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत विचारणा होत होती. थांबण्याचा वेळ १० सेकंदांवरून ६० केला, मग सुरळीत. नंतर खरं सर्टिफिकेट घेतलं. मुदत ११ ऑक्टोबर.

दोन नावं मागितली: मूळ डोमेन आणि तारांकित (वाइल्डकार्ड). तारांकित नावात मूळ डोमेन येत नाही, आणि तारा एकाच पायरीपुरता असतो. "शोध.वाचनालय" चालेल, "नवीन.शोध.वाचनालय" चालणार नाही.

वाइल्डकार्डच का, हे लिहून ठेवतो. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत जातं, तिला सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी म्हणतात. कुणीही ती चाळू शकतं. कर्मचाऱ्यांच्या दरवाजाचं नाव सर्टिफिकेटात आलं की ते जगजाहीर होतं आणि लगेच यांत्रिक चाचपणी सुरू होते. तारा घातला की आतली नावं कळत नाहीत. तो दरवाजा बाहेरून बंदच राहणार आहे, तरीही उगाच पत्ता कशाला सांगायचा?

ही नोंदवही मात्र फार मोलाची आहे. २०११ मध्ये डच कंपनी डिजिनोटारमध्ये घुसखोरी होऊन गूगलसकट अनेक नावांची खोटी सर्टिफिकेटं निघाली आणि ती कंपनी बुडाली. आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मध्यस्थ सर्टिफिकेटाखालून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. भारतातल्या प्रमाणपत्र संस्थांच्या नियंत्रकांच्या कार्यालयाने ती मध्यस्थ सर्टिफिकेटं रद्द केली. आता अशी गोष्ट नोंदवहीत दिसते. आपल्या डोमेनचं नाव तिथे अधूनमधून शोधायचं, हे कामांच्या यादीत घातलं.

१४ जुलै

अपाचे. सर्टबॉट (लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम) चार फाइली देतो. त्यांतल्या दोनच लागतात, फुलचेन आणि खासगी किल्ली. नुसतं सर्टिफिकेट लावलं तर मधली कडी, म्हणजे देणाऱ्या संस्थेचं मध्यस्थ सर्टिफिकेट, सापडत नाही; फुलचेनमध्ये ती असते. संगणकावरच्या ब्राउझरला ती कडी बऱ्याचदा आधीपासून माहीत असते म्हणून चालतं, आणि मोबाइलवर अडतं. म्हणून फुलचेनच.

टीएलएस (एसएसएलचं आजचं रूप) १.२ आणि १.३ चालू, त्याआधीचं सगळं बंद. पोर्ट ८० वर आलेल्याला ४४३ वर, म्हणजे कुलूपबंद एचटीटीपीएसच्या दारावर, पाठवायचं. एचएसटीएस, म्हणजे यापुढे फक्त एचटीटीपीएसनेच यायचं ही ब्राउझरला दिलेली सूचना, सुरुवातीला ३०० सेकंदांचं. महिनाभर सगळं नीट चाललं की वर्षाचं करू. ब्राउझरने एकदा वर्षाचं वचन लक्षात ठेवलं की माघार घेणं अवघड जातं.

लॉगमध्ये एक तक्रार दिसली: सर्टिफिकेटात ओसीएसपीचा (सर्टिफिकेट रद्द झालं का हे सांगणाऱ्या सेवेचा) पत्ता नाही. जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये स्टेपलिंगची, म्हणजे त्या सेवेचं उत्तर सर्व्हरनेच सोबत देण्याची, ओळ होती. लेट्स एन्क्रिप्टने मे महिन्यापासून तो पत्ता देणं बंद केलं आहे आणि ६ ऑगस्टला ती सेवाच बंद होईल. ओळ काढून टाकली.

कोहात दोन्ही दरवाजांचे मूळ पत्ते सिस्टिम प्रेफरन्समध्ये एचटीटीपीएसचे केले. नाहीतर कोहा स्वतः पाठवतो त्या ई-मेलमधल्या लिंका जुन्या पत्त्यावर जातात. वरच्या पट्टीतल्या बोधचिन्हाची लिंकही बदलली.

कर्मचाऱ्यांच्या दरवाजाचं नाव डीएनएसमध्ये १९२.१६८ च्या, म्हणजे वाचनालयाच्या आतल्या नेटवर्कवरच्या, पत्त्याला जोडलं आहे. आपला राउटर असं बाहेरून आलेलं आतल्या पत्त्याचं उत्तर गाळून टाकतो. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. फक्त या एका नावासाठी राउटरमध्ये अपवाद नोंदवला.

१६ जुलै

सकाळी ताईंचा फोन. "दादा, काउंटरवर कोहा उघडत नाही. लाल पान येतंय."

रात्री वीज गेली होती. जाऊन पाहिलं तर पानावर स्वच्छ लिहिलं होतं: तुमचं घड्याळ मागे आहे. कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१२. मदरबोर्डवरची बॅटरी संपली होती, त्यामुळे वीज गेली की संगणकाला काळाचं भान राहत नाही. आजचं सर्टिफिकेट २०१२ मधल्या संगणकाच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही. उघड्या एचटीटीपीवर हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नसतं.

सीआर२०३२ बॅटरी बाजारातून आणली. कॅबिनेट उघडलं तर आत धुळीचा थर, तोही साफ केला. नाण्याएवढी बॅटरी नखाने दाबून काढली, नवी बसवली, बायोसमध्ये तारीख लावली. मग सर्व्हरचीही बॅटरी लगे हात बदलली. त्याचं घड्याळ बिघडलं तर नूतनीकरण अडेल. सर्व्हरवर वेळ जुळवणारी सेवा चालू आहे, पण वीज येते आणि राउटर जोडला जातो यांमध्ये काही मिनिटं जातात, तेवढ्यात काहीही सुरू होऊ शकतं.

१९ जुलै

एका ज्येष्ठ वाचकांच्या टॅबवर सूची उघडेना. टॅब अँड्रॉइड ६ चा. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या यंत्रांना लेट्स एन्क्रिप्टचं मूळ सर्टिफिकेट माहीत नसतं. दुसऱ्या, जुन्या संस्थेच्या सहीची जी जोडणी त्यांना सांभाळून घेत होती ती गेल्या सप्टेंबरात संपली. फायरफॉक्स विश्वासाच्या सर्टिफिकेटांची स्वतःची यादी सोबत आणतो, म्हणून तो बसवून दिला. चाललं. आजोबांनी लगेच एक पुस्तक राखून ठेवलं. काउंटरवर सूचना लावली की जुना फोन असेल तर फायरफॉक्स वापरा.

२ ऑगस्ट

कार्यकारिणीने स्थिर आयपीला मंजुरी दिली होती, तो काल चालू झाला. राउटरवर ८० आणि ४४३ उघडले. कर्मचाऱ्यांच्या दरवाजाला अपाचेमध्ये फक्त आतल्या पत्त्यांची परवानगी. बाहेरून मोबाइल डेटावर तपासलं, नकार येतो. वाचकांना आता घरून सूची पाहता येते.

आज दुसऱ्या डोमेनचं काम. वाचनालयाकडे देवनागरी नावही आहे, शेवटी ".भारत" असलेलं. हा शेपूट २०१४ मध्ये सुरू झाला. सर्टबॉटला देवनागरी नाव दिलं तर तो ते घेत नाही, प्युनीकोड, म्हणजे त्याच नावाचं इंग्रजी अक्षर-अंकांतलं रूप, मागतो. ".भारत" चं प्युनीकोड म्हणजे एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि मग एच२बीआरजे९सी. आपल्या नावाचं रूप तर याहून लांबलचक. सर्टिफिकेटात तेच जातं, अपाचेच्या सर्व्हरनेममध्येही तेच लिहायचं. वाचकाने मात्र देवनागरीत टाइप करायचं. हे नाव जपायला हवं असं मला मनापासून वाटतं. मराठी पुस्तकांच्या सूचीचा पत्ता मराठीत असावा, आणि त्यालाही पहिल्याइतकंच पक्कं सर्टिफिकेट असावं.

याची पडताळणी पोर्ट ८० वरून केली, आता ते शक्य आहे. एका मिनिटात काम झालं. मुदत ३१ ऑक्टोबर. दोन सर्टिफिकेटं वेगळीच ठेवली; एक अडकलं तर दुसऱ्याला झळ नको.

९ ऑगस्ट

पहारा. सगळ्या कामात हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे.

नूतनीकरणाचा टायमर डेबियनमध्ये आपोआप बसतो, दिवसातून दोनदा चालतो आणि मुदतीला ३० दिवसांहून कमी उरले की नवं सर्टिफिकेट आणतो. पण डिस्कवर नवी फाइल आली तरी अपाचे जुनंच सर्टिफिकेट मेमरीत धरून बसतो, त्याला रीलोड करावं लागतं. म्हणून देवनागरी नावासह दोन्हींसाठी डिप्लॉय-हुक (नवं सर्टिफिकेट आलं की चालणारी छोटी स्क्रिप्ट) लिहिला: आधी कॉन्फिगरेशन तपास, बरोबर असेल तरच रीलोड. आपल्या आवृत्तीत ड्राय-रन (नूतनीकरणाची रंगीत तालीम) केला की हा हुक चालतच नाही. ड्राय-रन हिरवा दिसला म्हणजे सगळं ठीक असं नाही. हुक वेगळा हाताने चालवून पाहिला.

तपासणी दोन ठिकाणांहून. पहिली सर्व्हरवर: नूतनीकरण फसलं की सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) लगेच वाचनालयाच्या ई-मेलवर लॉगचा शेवटचा भाग पाठवते. दुसरी माझ्या घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर: तो रोज सकाळी ४४३ वर जोडणी करून प्रत्यक्ष मिळणारं सर्टिफिकेट बघतो आणि १८१४४०० सेकंदांपेक्षा, म्हणजे २१ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर संदेश धाडतो. डिस्कवरची फाइल तपासून उपयोग नाही, वाचकाला काय मिळतं ते तपासायचं. आणि पहारेकरी त्याच यंत्रावर नको. यंत्र बंद पडलं तर तोही झोपला.

१२ सप्टेंबर

गणपती गेले, आणि पहिलं नूतनीकरणही झालं. काल रात्रीच्या फेरीत सर्टबॉटने वाइल्डकार्ड बदललं, हुकने अपाचे रीलोड केला, सकाळी रास्पबेरी पायने नवी तारीख नोंदवली. काउंटरवर कुणाला कळलंही नाही.

एचएसटीएस आज एक वर्षाचं केलं.

३ ऑक्टोबर

दसऱ्याच्या दिवशी ताईंनी वाचनालयाचा ई-मेल उघडला आणि मला लॉग पुढे पाठवला. देवनागरी नावाचं नूतनीकरण १ तारखेपासून फसत होतं. ओळ अशी: जोडताना वेळ संपला, बहुधा फायरवॉलची अडचण.

साइट मात्र घरून व्यवस्थित उघडत होती. मग ताईंना आठवलं, गेल्या आठवड्यात विजेच्या झटक्याने राउटर गेला होता आणि कंपनीच्या माणसाने नवा बसवला होता. त्याने ४४३ जोडून दिला, साइट उघडली, काम संपलं असं धरून तो गेला. पोर्ट ८० राहिला. हल्लीचे ब्राउझर आधी एचटीटीपीएसच करून बघतात, त्यामुळे कुणा वाचकाची तक्रार आली नाही. वाइल्डकार्डची पडताळणी डीएनएसवरून होते, त्याला याचं सोयरसुतक नाही. फक्त हे एक नाव पोर्ट ८० वर अवलंबून आहे.

८० जोडला, बाहेरून तपासला, नूतनीकरण चालवलं. नवं सर्टिफिकेट लागलं. जुन्याचे चार आठवडे शिल्लक होते. मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी प्रयत्न सुरू होतात ते अशाच वेळेसाठी.

४ ऑक्टोबर

ऑफिसातल्या कपाटात ठेवायचा कागद पूर्ण केला. एकच पान, मराठीत, ताईंशी बोलत बोलत लिहिलं. मी गावात नसलो तरी काम अडू नये. त्यात आहे: दोन डोमेन कुठून घेतली, त्यांची मुदत कधी संपते (डोमेनच गेलं तर सर्टिफिकेट निरुपयोगी), टोकन कुठे आहे आणि हरवलं तर नवं कसं बनवायचं, राउटर बदलला तर ८० आणि ४४३ दोन्ही जोडायचे व आतल्या नावाचा अपवाद पुन्हा टाकायचा, घड्याळ चुकलं तर काय दिसतं. खासगी किल्ली पेन-ड्राइव्हवर ठेवायची नाही असं ठळक लिहिलं. डिस्क गेली तर नवं सर्टिफिकेट काही मिनिटांत मिळतं, किल्ली चोरीला गेली तर मात्र ते रद्द करत बसावं लागतं.

कागद वाचून ताईंनी स्वतः ब्राउझरमध्ये दोन्ही सर्टिफिकेटांच्या तारखा काढून दाखवल्या. एका जागी माझं वाक्य त्यांना कळलं नाही, "रीलोड" कुठे टाइप करायचं ते. तिथे पूर्ण आज्ञा लिहून दिली.

उरलेलं काम: डेबियन १३ वर जाणं, दिवाळीच्या सुट्टीत. त्याआधी सर्टबॉटच्या फोल्डरची नक्कल त्याच डिस्कवरच्या रूटच्या फोल्डरात घ्यायची, अपग्रेडनंतर हुक हाताने चालवून बघायचा आणि बाहेरून दोन्ही पोर्ट तपासायचे.